गावोगावच्या शाळेसाठी झटलेले राजर्षी शाहू

कोल्हापूरच्या दसरा चौकातील मुस्लिम बोर्डिंग आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. ते ज्यांच्यामुळे उभे राहिले, त्या राजर्षी शाहू छत्रपतींचा जन्म 26 जून 1874 रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. 1884 मध्ये ते कोल्हापूरच्या गादीस दत्तक आले आणि 1894 मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला.

खेड्यातील मुलगा शिकण्यासाठी शहरात आला, तर राहील कोठे व जेवील काय, हा महाराजांपुढचा पहिला प्रश्न होता. म्हणून 1901 पासून त्यांनी निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढविली. 1906 मध्ये मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिचे अध्यक्षपद त्यांनी स्वतः स्वीकारले. छत्रपतींनी मुसलमान मुलांच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष व्हावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

परंतु गावातच मूल पाटीला हात लावीत नसेल, तर बोर्डिंगात येणार कोण? सात-आठ वर्षांचे पोर गुरे राखते, धाकट्या भावंडाला सांभाळते. फी माफ झाली तरी पोराच्या हातचे काम बुडते, आणि गरिबाला तीच खरी फी वाटते. सुगीच्या दिवसांत पटावरील नावे व वर्गातील डोकी यांचा मेळ बसत नाही, हे आम्ही शिक्षक आजही पाहतो.

महाराजांनी या दुखण्यावर नेमका घाव घातला. 1917 मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. मजुरी आण्यांत मिळण्याचे ते दिवस होते, तेव्हा हा दंड झोंबणाराच होता. मात्र तो मुलाला नव्हता, पालकाला होता! इमारत नाही ही सबबही त्यांनी उरू दिली नाही. देवळे, चावड्या व धर्मशाळा यांत शाळा भरू लागल्या. 1918 मध्ये करवीर भागातील चिखली येथे सक्तीच्या शिक्षणास आरंभ झाला. पुढच्याच वर्षी अस्पृश्य मुलांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांना सर्वांबरोबर बसविण्यात आले.

6 मे 1922 रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. त्यांचे वय अवघे 47 वर्षांचे होते. चिखलीत सातव्या वर्षी शाळेत बसलेली मुले तेव्हा अकरा वर्षांची झाली होती.