पंढरीचे दार आणि साने गुरुजी

वारकरी सज्जनहो, पंढरपुरी महाद्वारात नामदेवरायांची पायरी आहे आणि समोर चोखोबांची समाधी. दोन्हींपुढे माथा टेकून आपण राउळात जातो. पण ज्या लोकांत चोखोबा जन्मले त्यांना 1947 सालापर्यंत बाहेरूनच कळस पाहून परतावे लागे. ते दार उघडावे म्हणून ज्यांनी प्राण पणाला लावले, ते साने गुरुजी आमच्या रत्नागिरी जिल्ह्याचे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म 24 डिसेंबर 1899 रोजी दापोली तालुक्यातील पालगड गावी झाला. नावच पांडुरंग! घराणे खोताचे, पण पुढे हलाखी आली. आई यशोदाबाईंनी त्या गरिबीतच मुलाला माया आणि नीती शिकविली. 1924 साली ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. 1930 साली नोकरी सोडून सत्याग्रहात पडले व तुरुंगात गेले. नाशिकच्या तुरुंगात 1933 साली त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली.

1946 साली, कार्तिकीच्या सुमारास, पंढरीच्या दारासाठी त्यांनी उपोषणाचा निश्चय केला. थोर मंडळी म्हणाली, जरा थांबा. आता काय करावे? थांबावे तर अन्याय तसाच राहतो. न थांबावे तर लोकांची मने तयार नाहीत. दार उघडले तरी अंतःकरणे बंदच राहणार. गुरुजींनी दोन्ही बाजूंचे खरे तेवढे घेतले. उपोषण पुढे ढकलले, निश्चय मात्र सोडला नाही. सेनापती बापटांसारखे वडीलधारे आणि सेवादलाचे कलापथक यांच्यासह ते महाराष्ट्रभर हिंडले. कित्येक गावांनी आपल्या विहिरी आणि देवळे सर्वांना मोकळी केली.

मग 1 मे 1947 रोजी पंढरीत उपोषण सुरू झाले. जागा दिली ती आपल्यातल्याच तनपुरे महाराजांनी, आपल्या मठात. विरोध मोठा होता. गांधीजींनाही हे उपोषण पटले नव्हते. ते सोडावे असा त्यांचा निरोप आला. केवढा पेच! ज्यांना गुरुस्थानी मानले त्यांचे ऐकावे, की अंतरीचा देव सांगतो ते करावे? गुरुजींनी उपोषण सोडले नाही आणि गांधीजींवरची श्रद्धाही सोडली नाही. बडव्यांनाही त्यांनी शत्रू मानले नाही. क्लेश घेतले ते स्वतःच्या देहावर. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळींनी संमती दिली आणि 10 मे रोजी उपोषण सुटले. पुढे दारही उघडले. 11 जून 1950 रोजी गुरुजींची जीवनयात्रा संपली.

आम्हांला वाटते, ही रीत पंढरीला नवी नाही. पुंडलिकापुढे देव उभा राहिला तेव्हा त्याने आईबापांचे पाय सोडले नाहीत, आणि देवालाही परत लावले नाही. वीट पुढे सरकवली अन् देवाला थांबविले! आपल्याही घरी असे प्रसंग येतात. वारीला निघावे तर म्हातारी अंथरुणावर. भावाची बाजू घ्यावी तर बायको दुखावते. अशा वेळी हे की ते, अशी घाई करू नये. दोहोंकडे खरे काय आहे ते आधी पाहावे, आणि जो त्रास पडेल तो दुसऱ्यावर न ढकलता आपल्या अंगावर घ्यावा. मग वीट कुठे ठेवायची ते पांडुरंगच सुचवितो.

रामकृष्ण हरि.