पंख्याची दोरी

बँकेच्या नोकरीत गहाणखते पुष्कळ वाचली. कागदाची भाषा कोरडी. पण त्यामागे कुणाचा तरी बाप हात जोडून उभा असतो. सर छोटूरामांची गोष्ट अशाच बापापासून सुरू होते. रोहतक जिल्ह्यातल्या गढी सांपल्याचे हे जाट शेतकरी कुटुंब. मुलाच्या शिक्षणासाठी वडील कर्ज मागायला गेले, तेव्हा सावकाराने त्यांनाच पंख्याची दोरी ओढायला लावली, अशी आठवण हरियाणात सांगतात.

१८८१ साली जन्मलेला हा मुलगा दिल्लीच्या सेंट स्टीफन्समधून पदवीधर झाला, आग्र्याला कायदा शिकला, रोहतकला वकिली करू लागला. काँग्रेसचा जिल्हाध्यक्षही झाला. पण १९२० मध्ये असहकाराची हाक आली आणि त्यांनी काँग्रेस सोडली. वृत्तीने सनदशीर, सरकारला धरून राहणारा माणूस. दुसऱ्या महायुद्धात तर सैन्यभरतीसाठीही झटले. १९२३ मध्ये फझल-इ-हुसेन यांच्यासह त्यांनी युनियनिस्ट पक्ष उभा केला. त्यात हिंदू, मुसलमान, शीख सगळे. बडे जमीनदारही भरपूर.

अशा पक्षाकडून काय होणार? पण १९३७ ची निवडणूक जिंकल्यावर लाहोरच्या विधानसभेत कायद्यांचा सपाटाच लागला. मुख्य सिकंदर हयात खान, पण या कायद्यांमागचा हात मंत्री छोटूरामांचा. ८ जून १९०१ पूर्वी गहाण पडलेल्या जमिनी मूळ मालकांना परत मिळण्याची वाट १९३८ मध्ये मोकळी झाली. गहाणाचे व्यवहार हाताळलेल्या माणसाला यातले धाडस कळेल: दोन पिढ्यांचे कागद एका फटक्यात रद्द! सावकारांना नोंदणी सक्तीची झाली. १९३९ मध्ये शेतमालाच्या बाजारावर समित्या आल्या आणि त्यांत शेतकऱ्यांना जागा मिळाल्या. व्यापाऱ्यांनी या साऱ्याला काळे कायदे ठरवले. हिंदू असून हिंदू सावकाराच्या मुळावर उठला, हा राग वेगळाच.

एक गोष्ट मात्र मला खटकते. शेतकरी कोण, हे १९०० च्या जमीन हस्तांतर कायद्याखालची जातींची यादी ठरवी. दुसऱ्याच्या शेतात राबणारा दलित मजूर त्या यादीत नव्हता. पंख्याची दोरी विसरला नाही तो माणूस या मजुरापर्यंत पोचला नाही.

१९४४ मध्ये जीना युनियनिस्टांना लीगच्या दावणीला बांधू पाहत होते. छोटूराम आडवे आले. भाक्रा धरणाचा पाठपुरावा करीत असतानाच ९ जानेवारी १९४५ रोजी लाहोरला ते वारले. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत पक्ष भुईसपाट झाला. १९४७ मध्ये लाहोर एका देशात गेले, रोहतक दुसऱ्यात.