सेनापतींचा खराटा

आमच्या मुळशी तालुक्यात सेनापती बापट हे नाव ऐकले नाही असे जुने माणूस सापडायचे नाही. माझी आजी शाळेची पायरी चढलेली नाही, पण तिच्या तोंडून हे नाव मी अगदी लहानपणी ऐकले. ती नुसते सेनापती म्हणते. त्यामुळे पाचवी-सहावीपर्यंत माझी समजूत अशी होती की, हा शिवाजीमहाराजांच्या वेळचा कोणी घोडेस्वार असावा आणि त्याच्या हातात तलवार असावी. त्यांच्या हातात दररोज सकाळी खराटा असे, हे मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते. ते कसे कळले ते सांगायचे तर प्रथम आमच्या घरातली गोष्ट सांगावी लागेल. वाचकांनी क्षमा करावी.

आमच्या घरात मी पहिलाच कॉलेजात जाणारा. वडील पिरंगुटच्या बाजूला एका कारखान्यात पहिल्या पाळीला जातात. आई बंगल्यांच्या एका वसाहतीत चार घरांची धुणीभांडी आणि झाडलोट करते. त्याआधी ती पहाटे पाचला उठून आपले घर झाडते. तिचा क्रम ठरलेला आहे. आधी आतली खोली, मग स्वयंपाकघर, मग ओटी. केरसुणी नेहमी आतून बाहेर जाते. ओटीवरून केर सुपलीत भरला की केरसुणी दाराआड आडवी ठेवायची आणि खराटा घेऊन अंगणात उतरायचे. संध्याकाळी दिवे लागायच्या आत पुन्हा एकदा केर काढायचा, कारण दिवा लागल्यावर झाडले तर लक्ष्मी जाते. आठवड्यातून एकदा जळमटे आणि भांड्यांची फळी. एवढेच. रोज अर्ध्या तासाचे काम, पण ते एक दिवसही चुकत नाही, म्हणून आमचे दोन खणांचे घर कधी पसरलेले दिसत नाही. दिवाळीला लोक घरे उपसून काढतात. आमच्याकडे उपसण्याजोगे काही साठतच नाही.

गेल्या आषाढात आई धुण्याच्या दगडावरून घसरली आणि तिचे उजवे मनगट मोडले. आमच्याकडचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्या दगडावरचे शेवाळही ठाऊक असेल. सहा आठवडे प्लास्टर. बहिणीचे लग्न आदल्या वर्षी झालेले. वडील सहाच्या आत घराबाहेर. केरसुणी माझ्याकडे आली.

मी घर झाडले, पण दार लावून झाडले. अंगणात मात्र उतरलो नाही. आमच्या दारावरून डेअरीला दूध घालायला जाणारी मुले माझ्याबरोबर शाळेत होती. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा मुलगा वाकून अंगण झाडतो आहे हे त्यांनी पाहावे, ही कल्पनाच मला सोसेना. तिसऱ्या दिवशी आजीने खराटा उचलला. तिची कंबर आधीच वाकलेली, त्यामुळे तिला फार वाकावे लागले नाही. मी खिडकीतून पाहत राहिलो. मला लाज वाटली, पण मी बाहेर गेलो नाही. हे लिहितानाही बरे वाटत नाही.

त्याच आठवड्यात कॉलेजात मुळशी सत्याग्रहावर निबंधस्पर्धा होती. विषय घरचाच म्हणून मी नाव दिले आणि ग्रंथालयात बसून सेनापतींविषयी मिळेल ते वाचू लागलो.

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी नगर जिल्ह्यातील पारनेर येथे झाला. घरची गरिबी, पण बुद्धी तल्लख. मॅट्रिकला त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते १९०३ साली बी.ए. झाले. कॉलेजात असतानाच त्यांनी तलवारीवर हात ठेवून देशासाठी जगण्याची शपथ घेतली होती. १९०४ साली मंगलदास नथुभाई शिष्यवृत्ती घेऊन ते एडिंबरोला इंजिनिअरिंग शिकायला गेले. तेथे त्यांनी इंग्रजी राज्याविरुद्ध उघड बोलायला सुरुवात केली आणि शिष्यवृत्ती गेली. मग लंडनमधले इंडिया हाऊस, सावरकरांचा सहवास, आणि पॅरिसला जाऊन शिकलेली बाँबची विद्या. १९०८ साली ते परत आले. अलीपूर बाँब प्रकरणात एका माफीच्या साक्षीदाराने त्यांचे नाव घेतले, तेव्हा ते चार-साडेचार वर्षे भूमिगत राहिले. १९१२ साली इंदूरला पकडले गेले, पण त्यांच्याविरुद्ध पुरेसा पुरावा पुढे आला नाही.

इथपर्यंतचे चरित्र एखाद्या चित्रपटासारखे आहे आणि सगळे चरित्रकार त्यावर पाने खर्च करतात. माझे बोट थांबले ते पुढच्या दोन-तीन ओळींवर. सुटून पारनेरला आल्यावर या माणसाने केले काय, तर पहाटे उठून गावचे रस्ते झाडायला सुरुवात केली. नुसते रस्ते नाहीत, शौचकूपही. अस्पृश्य मानलेल्या मुलांना शिकवायला घेतले. १९१४ साली मुलाच्या बारशाला पहिली पंगत त्यांनी हरिजनांची बसवली, हे एका ब्राह्मणाच्या घरात आणि पारनेरसारख्या गावात.

मी ते पान पुन्हा वाचले. बी.ए. झालेला, विलायतेला राहून आलेला, पोलिसांना साडेचार वर्षे हुलकावणी दिलेला माणूस हातात खराटा घेऊन गावातून वाकून जातो आहे. गावाने काय म्हटले असेल याची कल्पना करायला मला फार त्रास पडला नाही. विलायतेहून आलेल्या मुलाकडून गावाला मामलेदारकीची अपेक्षा असते. काहींना तो वेडा वाटला असेल. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा दिसला असेल, आणि तिसऱ्या दिवशीही. मला वाटते, या गोष्टीतले अवघड काम झाडणे नसून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा करणे आहे. गेल्या वर्षी आमच्या शिबिरात आम्हीही एका गावचा रस्ता झाडला. दोन तास झाडला, छायाचित्रे काढली, प्रमाणपत्रे घेतली. महिन्याने मी त्याच रस्त्याने एस.टी.तून गेलो तेव्हा तो पहिल्यासारखाच होता. केर रोज पडतो, हे आईला माहीत आहे आणि सेनापतींना माहीत होते. आम्हा शिबिरवाल्यांना ते कोणी सांगितले नव्हते.

पारनेरहून ते पुण्याला आले. चित्रमयजगतात नोकरी केली, टिळकांच्या मराठा पत्रात काम केले, डॉ. केतकरांच्या ज्ञानकोशाच्या कचेरीतही बसले. १९२० साली मुंबईच्या झाडूवाल्यांचा संप झाला, तेव्हा त्यांच्या बाजूने ते उभे राहिले. गळ्यात पेटी अडकवून भजने म्हणत त्यांनी शहरातून मिरवणूक नेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांची पत्नी वारली. झाडूवाल्यांच्या कैवाराची भाषणे तेव्हाही पुष्कळांनी केली असतील. पण ज्याच्या स्वतःच्या तळहाताला खराट्याचे घट्टे पडले होते, त्याने त्यांच्यापुढे उभे राहणे वेगळे. निदान मला तसे वाटते.

यानंतर ते आमच्या मुळशीत आले. मुळा आणि नीला या नद्यांच्या संगमाशी टाटांच्या वीज कंपनीचे धरण होऊ घातले होते. पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे भिऱ्याला सोडून वीज करायची आणि ती मुंबईला न्यायची, अशी योजना. त्यात मावळातली पन्नासच्या वर गावे, त्यांची आंबेमोहोराची खाचरे आणि देवळे जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. बाराशेच्या आसपास मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि बापट यांनी गावोगाव फिरून माणसे जागी केली. काम काही काळ थांबले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा अटका झाल्या. लढा तीन वर्षे चालला. सेनापती ही पदवी त्यांना याच लढ्यात मिळाली. शेवटी १९२४ साली त्यांनी रुळांवर दगड रचून कामाची आगगाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. १९३१ साली ते सुटले, तोवर १९२७ साली धरण पुरे झाले होते.

लढा हरला. हे आम्ही मुळशीकर भाषणांत सांगत नाही, पण उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या पायवाटा आणि जोती उघडी पडतात, ती सांगतात. आजी म्हणते की, त्या गावांतल्या बायकांनी घर सोडून निघायच्या दिवशी सकाळी अंगणे झाडून सडे घातले होते. हे तिने तिच्या थोरल्यांकडून ऐकलेले आहे. कोणत्याही पुस्तकात मला ते मिळाले नाही, म्हणून मी ते निबंधात घातले नाही. येथे घालतो आहे.

सेनापतींच्या पुढच्या आयुष्यात पुन्हा तुरुंगवास आला, आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकवण्याचा मान आला. गोव्याच्या मुक्तीसाठी आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी ते म्हातारपणीही उभे राहिले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबईत ते वारले. पुण्यात आणि मुंबईत त्यांच्या नावाचे मोठे रस्ते आहेत. पुण्याच्या रस्त्यावरून मी बसने जातो. पहाटे तेथे बायका लांब दांड्याचे झाडू मारीत असतात. सेनापती बापट रस्ता झाडणाऱ्या त्या बायकांना हे नाव कोणाचे ते कोणी सांगितले असेल काय, असे मनात येते.

निबंध लिहून झाल्यावर मी तो आईला वाचून दाखवला. तिने हाताला प्लास्टर बांधलेल्या अवस्थेत तो सगळा ऐकला आणि शेवटी एवढेच विचारले की, ते गाव झाडायला जात तेव्हा त्यांचे घर कोण झाडत असेल? मला उत्तर सुचले नाही. थोर माणसाच्या चरित्राकडे या बाजूने पाहता येते हे मला तोवर ठाऊकच नव्हते. मग तिने मला अंगणाकडे बोट करून दाखवले. आजी दोन दिवस पाठ धरून बसली होती आणि अंगणात पागोळ्यांनी आणलेला पाला तसाच होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खराटा घेऊन बाहेर आलो. ओला पाला जमिनीला चिकटतो, खराटा आडवा धरून चालत नाही, हे मला तेव्हा कळले. डेअरीची मुले आली. एक हसला. एकाने नवरीमुलगी कधी बघायची असे विचारले, त्यावर बाकीचेही हसले. मी मान वर केली नाही. हे काही फार धीराने केले असे नाही, मान वर करण्याइतका धीर नव्हता म्हणूनच खाली घालून झाडत राहिलो. आठवडाभर ते रोज काहीतरी बोलत होते, पुढे त्यांना कंटाळा आला.

भादव्यात आईचे प्लास्टर निघाले. चारांपैकी दोन घरांनी तोवर दुसरी बाई लावली होती, ती घरे गेली ती गेलीच. उरलेल्या दोन घरी ती पुन्हा जाऊ लागली, पण मनगटात अजून जोर नाही. त्यामुळे केरसुणी तिच्याकडे परत गेली आणि खराटा माझ्याकडे राहिला. कणगीमागचा कोपरा मी त्या सहा आठवड्यांत एकदाही झाडला नव्हता, हे तिने पहिल्याच दिवशी हुडकून काढले. निबंधाला बक्षीस मिळाले नाही. खराट्याच्या काड्या झिजल्या आहेत, या रविवारी पौडच्या बाजारातून नवा आणायचा आहे.