मंगळवेढ्याचे दामाजीपंत

दामाजीपंतांचें नांव आमच्या सोलापूर जिल्ह्यांत लहान मुलांसही ठाऊक असतें; परंतु ठाऊक असतो तो बहुधा कथेचा शेवट, म्हणजे महाराचें रूप घेऊन बेदरास गेलेला विठ्ठल. त्या शेवटाच्या तेजानें पंतांचा स्वतःचा निर्णय कांहींसा झांकला गेला आहे. आज आम्ही त्या निर्णयाकडेच वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

मंगळवेढें भीमेच्या दक्षिणेस, पंढरपुरापासून सात-आठ कोसांवर आहे. बाराव्या शतकांत कलचुरि बिज्जळाचें हें मूळ ठाणें होतें. पुढें तें बहामनी सुलतानांच्या राज्यांत आलें. त्या राज्याची राजधानी इ. स. १४३० च्या सुमारास गुलबर्ग्याहून बेदरास हलली. येथील काळ्या जमिनींत पिकणारी रब्बीची ज्वारी आजही नांवाजलेली असून इ. स. २०१६ मध्यें तिला भौगोलिक मानांकन मिळालें आहे. अशा या मुलखांतील सरकारी धान्यकोठारें दामाजीपंतांच्या स्वाधीन होतीं. धान्य त्यांच्या ताब्यांत होतें, त्यांच्या मालकीचें नव्हतें. तें वांटावयाचें तर हुकूम बेदराहून यावयास हवा होता.

अशांत पाऊस पडला नाहीं. सरकारी गॅझेटियरांत या दुष्काळाचें साल इ. स. १४६० असें दिलेलें असून दक्षिणेंत त्यास दामाजीपंताचा दुष्काळ म्हणतात. त्यापूर्वींच्या मोठ्या दुष्काळास लोकांनीं दुर्गादेवीचें नांव दिलें होतें. या दुष्काळास मात्र ज्यानें अन्न दिलें त्याचें नांव मिळालें. असा मान फार थोड्या अंमलदारांच्या वाट्यास आला असेल. सालाचा वरील आंकडा धरल्यास त्या वेळीं बेदरच्या गादीवर हुमायूनशहा होता, आणि इतिहासानें त्यास जालीम हें विशेषण जोडलें आहे. पंतांस ज्याची परवानगी मागावयाची होती तो धनी असा होता.

पुढील हकीकत आम्ही महीपतींच्या भक्तविजयावरून देतों. हा ग्रंथ इ. स. १७६२ चा, म्हणजे घटनेनंतर तीनशें वर्षांनीं रचलेला. तेव्हां त्यांतील प्रत्येक तपशील इतिहास म्हणून घेतां येणार नाहीं. पंढरपुराहून आलेला एक भुकेला ब्राह्मण पंतांच्या घरीं पानावर बसला, आणि घरीं उपाशी असलेल्या बायकामुलांच्या आठवणीनें त्याच्या डोळ्यांस पाणी आलें. पंतांनीं त्याच्यासाठीं पंढरपुरास धान्य पाठविलें. तें तेथील भुकेल्या लोकांनीं वाटेंतच लुटलें. मग माणसें मंगळवेढ्याच्या वाटेस लागलीं. पंतांनीं पत्नीशीं विचार केला, होणाऱ्या शिक्षेची पूर्ण जाणीव ठेवली, आणि कोठारें उघडलीं.

येथें आम्ही थोडें थांबतों. बेदर मंगळवेढ्याहून साठ-सत्तर कोस. जासूद जाऊन हुकूम घेऊन परत येईपर्यंत कित्येक दिवस जावयाचे, आणि दारांत पडलेल्या माणसाजवळ तेवढे दिवस नव्हते. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रत्येक अंमलदार आपल्या मर्जीनें सरकारी कोठार उघडूं लागला तर कोणतेंही राज्य चालणार नाहीं. ज्या हाताखालच्या अधिकाऱ्यानें बेदरास कागाळी लिहिली, तो नियमाप्रमाणें खोटें बोलत नव्हता. पंतांचा मोठेपणा हुकूम मोडण्यांत नाहीं. आपण हुकमाविना वागलों हें जाणून त्याची भरपाई आपल्या देहानें करण्यास ते सिद्ध झाले, यांत आहे. शिपाई धरावयास आले तेव्हां ते पळाले नाहींत. वाटेंत पंढरपुरास विठ्ठलाचें दर्शन घेऊं द्यावें, एवढेंच त्यांनीं मागितलें.

हाच प्रश्न चारशें वर्षांनीं याच टापूंत पुन्हा उभा राहिला. मंगळवेढें तेव्हां सांगली संस्थानांत होतें, परंतु शेजारच्या सोलापुरावर इंग्रजी अंमल होता. रिचर्ड टेंपल यांनीं इ. स. १८७४ च्या बिहारच्या दुष्काळांत ब्रह्मदेशाहून तांदूळ आणवून फार थोडीं माणसें मरूं दिलीं. त्याबद्दल उधळेपणाचा ठपका त्यांच्यावर आला. इ. स. १८७७ मध्यें तेच गृहस्थ वरिष्ठांची काटकसरीची आज्ञा घेऊन दक्षिणेंत आले, आणि दुष्काळी कामावरील मजुरास रोज एक रत्तल, म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी, धान्य पुरे असें त्यांनीं ठरविलें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें तक्रार केली. कित्येक मजूर कामें सोडून गेले. अगणित माणसें मेलीं. पंतांनीं भोगलेल्या शिक्षेपेक्षां टेंपल यांस मिळालेला ठपका कितीतरी हलका होता. तरी तो त्यांस पुरला. त्यानंतर इ. स. १८८० मध्यें दुष्काळ आयोगाचा अहवाल आला व १८८३ मध्यें दुष्काळसंहितेचा मसुदा झाला. कोणतीं लक्षणें दिसतांच कामें काढावीं, अशक्तांस फुकट अन्न कोणीं द्यावें, हें आधींच लिहून ठेवलें गेलें. १८९६ व १८९९ च्या दुष्काळांत ही संहिताही अपुरी पडली, हें खरें. तथापि अंमलदाराच्या हातीं संकटापूर्वींच लेखी हुकूम असावा, ही गोष्ट एकदां मान्य झाली.

घराघरांतील शेवटच्या दुखण्यांतही हीच अडचण येते. रोगी बोलूं शकत नाहीं, वैद्य नातेवाइकांकडे पाहतात, नातेवाईक एकमेकांकडे. कोणासही अधिकार नसतो, आणि यंत्र चालू राहतें. सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं अशा प्रसंगासाठीं आधीं लिहून ठेवलेला निर्देश मान्य केला, व २४ जानेवारी २०२३ रोजीं त्याची रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढ्यांनीं आतां भागतें. परमगुरुस्वामी बारावे पायस यांनींही इ. स. १९५७ मध्यें वैद्यांस उत्तर देतांना, असाधारण उपाय चालूच ठेवण्याचें बंधन नाहीं असें सांगितलें होतें. जीव घेणें निराळें, आणि मरणास आडवें न येणें निराळें. दामाजीपंतांजवळ असा कागद असता तर त्यांस बेड्या पडल्या नसत्या.

असो. कथा पुढें सांगते कीं, पंत वाटेंत असतांनाच विठू महार बेदरच्या दरबारांत आला, धान्याची पूर्ण किंमत भरून पावती घेऊन गेला, आणि ती पावती पंतांस आपल्या पोथींत सांपडली. ज्या गांवांत इ. स. १३३८ मध्यें चोखोबा कोसळलेल्या भिंतीखालीं सांपडून वारले, त्या गांवच्या कथेंत देवानें महाराचेंच रूप घ्यावें, हें आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतें. बादशहानें पंतांचा सन्मान केला. परंतु पंतांनीं चाकरी पुन्हा पत्करली नाहीं. आपल्यासाठीं देवास दरबारीं जावें लागलें याची खंत त्यांस लागून राहिली, आणि उरलेलें आयुष्य त्यांनीं विठ्ठलाच्या सेवेंत घालविलें. मंगळवेढ्यांत त्यांचें मंदिर आहे, आणि तेथील सहकारी साखर कारखान्यासही त्यांचेंच नांव दिलेलें आहे.