डाल्टनचे डोळे

अणुसिद्धान्तामुळे जगप्रसिद्ध झालेला जॉन डाल्टन हा १७६६ साली इंग्लंडातील ईगल्सफील्ड या खेड्यात एका विणकराच्या घरी जन्मला. घरची गरिबी. बाराव्या वर्षीच तो गावच्या मुलांना शिकवू लागला. पुढे मँचेस्टर शहरात त्याचे आयुष्य गेले. हवामानाच्या नोंदी त्याने १७८७ पासून मृत्यूच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे सत्तावन्न वर्षे, लिहिल्या!

१७९२ साली त्याला एक नवल आढळले. जिरेनियमचे गुलाबी फूल त्याला दिवसा आकाशासारखे निळे दिसे, तर मेणबत्तीच्या उजेडात तांबडे. इतरांना असा पालट दिसेना. भावाला मात्र तो दिसे. आपल्याच दृष्टीत काही उणे आहे, हे डाल्टनने ओळखले आणि १७९४ साली विद्वानांच्या सभेपुढे ते निःसंकोचपणे मांडले. डोळ्यांतील द्रव निळसर असल्यामुळे तांबडा प्रकाश अडत असावा, असा त्याचा तर्क होता. पण जिवंतपणी तो पडताळावा कसा? मरणानंतर आपले डोळे तपासावेत, असे त्याने सांगून ठेवले. त्या काळी असा विचार किती जणांनी केला असेल?

१८४४ साली तो वारला. रॅन्सम नावाच्या वैद्याने डोळा उघडून पाहिला, तो द्रव अगदी स्वच्छ! तर्क चुकला होता. डोळे मात्र जपून ठेवण्यात आले.

मग दोष होता कोठे? द्रवामागील दृष्टिपटलात. मुलांनो, उरणजवळच्या द्रोणागिरी डोंगरावरून तिन्हीसांजेस करंजा बंदराकडे पाहिले, तर होड्यांचे आकार दिसतात, पण रंग विरून गेलेले असतात. अंधुक उजेडात दृष्टिपटलातील दंडाकार पेशी पाहण्याचे काम करतात. त्यांना रंगभेद कळत नाही. रंग ओळखणाऱ्या शंक्वाकार पेशींना भरपूर उजेड लागतो. पेशीतील रंगद्रव्यावर प्रकाश पडला, की संदेश मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो. हे द्रव्य कसे घडवावे, याची आज्ञा आईबापांकडून आलेल्या जनुकांत असते. दंडाकार पेशींतील द्रव्याचे जनुक बिघडले, तर रातांधळेपणा येऊ शकतो. शंक्वाकार पेशींत अशी तीन प्रकारची द्रव्ये असतात.

१९९५ साली शास्त्रज्ञांनी डाल्टनच्या जपलेल्या डोळ्याचा लहानसा तुकडा तपासला. हिरव्या प्रकाशाला विशेष प्रतिसाद देणाऱ्या द्रव्याचे जनुक त्यात नव्हतेच. हा दोष मुलाकडे आईकडून येतो. भावालाही ते फूल तसेच का दिसे, हेही त्यावरून उलगडले.