छायाचित्रकार धुंडिराज गोविंद फाळके

आपल्या जिल्ह्यातील कोपरगाव व पुणतांबे यांच्या काठाने वाहणारी गोदावरी त्र्यंबकेश्वरी उगम पावते, हे प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. त्याच त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके हे नाव आज सर्वतोमुखी आहे. परंतु चित्रपट काढण्यापूर्वी कित्येक वर्षे ते छायाचित्रकार होते, आणि त्या धंद्यात अंगी बाणलेली चिकाटीच पुढे त्यांच्या कामी आली, हे फार थोड्यांच्या ध्यानी येते.

त्यांचे वडील संस्कृतचे पंडित असून मुंबईच्या विल्सन या मिशन कॉलेजात शिकवीत असत. धुंडिराजांनी १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला व पुढे बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रणाचा अभ्यास केला. त्या काळी हे काम मोठे कष्टाचे असे. रसायनाचा लेप दिलेली काच कॅमेऱ्यात घालावयाची, प्रकाशाचा अदमास घ्यावयाचा, आणि मग अंधाऱ्या खोलीत ती काच धुवावयाची. तेव्हा कोठे उलटी प्रतिमा उमटे. एक चूक झाली की सारे श्रम व्यर्थ.

गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय मांडला. परंतु प्लेगने त्यांची पत्नी व अपत्य हिरावून नेले. पुढे बडोद्यास, कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो, अशा समजुतीने गिऱ्हाईक दुरावले. नंतर त्यांनी पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, मग छापखाना काढला. भागीदारांशी न पटल्यामुळे तोही सोडला.

अशा स्थितीत १९१० च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. आपल्या देशातील पुराणकथाही अशाच पडद्यावर याव्यात, या विचाराने त्यांना झपाटले. अहोरात्र चाललेल्या अभ्यासाने डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ त्यांची दृष्टी गेली. उपचाराने ती परत येताच त्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या व १९१२ च्या फेब्रुवारीत विलायत गाठली. तेथे विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेऊन व चित्रणाची कृती पाहून ते एप्रिलमध्ये परतले.

आता भांडवल हवे होते. परंतु न पाहिलेल्या गोष्टीवर पैसा कोण लावणार? तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा रोवला, आणि महिनाभर ठरावीक अंतराने एकेक चित्र टिपले. ती चित्रे ओळीने पडद्यावर धावू लागताच प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत अंकुर फुटला, वेल वर चढला! हा इवलासा चित्रपट पाहून भांडवल देणारा मिळाला. त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाई यांनी अंगावरील दागिने तर दिलेच, शिवाय फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने मिसळणे ही कामेही त्यांनी शिकून घेतली. अखेर ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. पुढे फाळक्यांनी नाशिक येथे अनेक चित्रपट काढले. त्याच शहरी १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे देहावसान झाले.

विद्यार्थी मित्रहो, आज घरोघरी फोनमध्ये कॅमेरा असतो व क्षणात शंभर चित्रे निघतात. तरी या सुटीत एक वाटाणा कुंडीत पेरून पाहा. कॅमेरा एकाच जागी, एकाच वेळी ठेवून रोज फक्त एक चित्र घ्या. एखादा दिवस चुकला तर वेल मधेच उडी मारील, आणि महिनाभर न कंटाळता एका वस्तूकडे पाहणे किती कठीण आहे, ते तुम्हांस कळेल. फाळक्यांची थोरवी त्या दिवशी तुम्हांस कोणी सांगावी लागणार नाही.