रंगूनला जाणारं जहाज: अॅन जडसनची जीवनकथा



मिशनऱ्यांची चरित्रं आपल्याला नवीन नाहीत. फादर स्टीफन्स, विल्यम कॅरी, रेव्हरंड टिळक, पंडिता रमाबाई ही नावं आपण लहानपणापासून ऐकत आलो. या अंकासाठी मी जिच्याविषयी लिहायचं ठरवलं, तिचं नाव आपल्याकडे सहसा तिच्या नवऱ्याच्या चरित्रात एखाद्या प्रकरणापुरतं येतं. अमेरिकेत मात्र एके काळी तिचं चरित्र घरोघरी वाचलं जायचं. तिचं नाव अॅन हॅसेल्टाइन जडसन. आईला आपण अगं म्हणतो आणि वडिलांना अहो. त्याच चालीवर मी अॅनला ‘ती’ म्हणणार आहे आणि जडसनना ‘ते’. यात तिचा मान कमी होत नाही, जवळीक वाढते, असं मला वाटतं.

अॅनचा जन्म २२ डिसेंबर १७८९ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रॅडफर्ड या गावी झाला. घर खाऊनपिऊन सुखी आणि पाहुण्यांनी भरलेलं. मुलगी हसरी, नाचगाण्याची हौस असलेली. गावातच ब्रॅडफर्ड अॅकॅडमी ही शाळा होती, तिथं ती शिकली. सोळाव्या वर्षाच्या सुमारास तिचं मन देवाकडे वळलं आणि पुढे काही वर्षं तिनं आसपासच्या गावांत शिक्षिकेचं काम केलं. इथवर तिचं आयुष्य त्या भागातल्या कुठल्याही शिकल्यासवरल्या मुलीसारखंच होतं.

१८१० साली ब्रॅडफर्डला पाळकांची एक मोठी सभा भरली. अँडोव्हरच्या धर्मशिक्षण संस्थेतले काही तरुण या सभेपुढे एक विनंती घेऊन आले होते: आम्हाला परदेशी सेवेला जायचं आहे, आम्हाला पाठवा. अमेरिकेतून तोपर्यंत असं समुद्रापलीकडे क्वचितच कुणी गेलेलं होतं. या विनंतीतून अमेरिकन बोर्ड ही मिशन संस्था उभी राहिली. त्या तरुणांचे पुढारी होते अदोनिराम जडसन. सभेच्या दिवसांतच त्यांची आणि अॅनची गाठ पडली आणि पुढे त्यांनी तिला मागणी घातली. ती मागणी साधी नव्हती. हो म्हणणं म्हणजे आईबापांना बहुधा पुन्हा न भेटणं, परक्या हवेत आजारी पडणं, कदाचित तिथंच मरणं. जडसननी हे काहीही न लपवता तिच्या वडिलांना लिहून कळवलं होतं. वडिलांनी निर्णय मुलीवर सोडला. तिनं बराच विचार केला आणि होकार दिला.

५ फेब्रुवारी १८१२ ला लग्न झालं आणि १९ फेब्रुवारीला सेलम बंदरातून ‘कॅरॅव्हॅन’ नावाचं जहाज निघालं. सोबत सॅम्युएल न्यूएल आणि त्यांची बायको हॅरिएट. हॅरिएट अॅनची मैत्रीण, वयानं तिच्याहून लहान. याच तुकडीतले गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट व त्यांची पत्नी, आणि ल्यूथर राइस हे दुसऱ्या जहाजानं निघाले. त्यातलं गॉर्डन हॉल हे नाव लक्षात ठेवा, पुढे त्याचा आपल्याशी संबंध येतो.

जूनमध्ये ‘कॅरॅव्हॅन’ कलकत्त्याला लागलं. श्रीरामपूरला विल्यम कॅरींनी या मंडळींचं प्रेमानं स्वागत केलं. कंपनी सरकारनं मात्र केलं नाही. आपल्या मुलखात मिशनरी नकोत, अशीच तेव्हा कंपनीची भूमिका होती, आणि हे तर अमेरिकन. त्याच वर्षी इंग्लंड-अमेरिका युद्धही जुंपलं. लवकरच हुकूम आला: देश सोडा.

या अडचणीत आणखी एक भर पडली. प्रवासात जडसननी बाप्तिस्म्याविषयी पुष्कळ अभ्यास केला होता आणि बाप्टिस्ट मंडळींचं मत बरोबर आहे असं त्यांना पटत चाललं होतं. अॅनचा याला विरोध होता. नवऱ्याला पटलं म्हणून आपल्याला पटलंच पाहिजे असं तिनं मानलं नाही. तिनं स्वतः शास्त्र उघडून वाचलं, ताडून पाहिलं आणि मगच तिचं मत बदललं. ६ सप्टेंबर १८१२ ला कलकत्त्यात दोघांनी बाप्तिस्मा घेतला. याचा अर्थ असा की ज्या बोर्डानं पाठवलं त्याच्याशी नातं तुटलं, पगार थांबला, आणि ज्या सोबत्यांबरोबर जन्मभर काम करायचं ठरवलं होतं त्यांच्यापासून वेगळं व्हावं लागलं. राइस यांनाही तेच पटलं आणि ते मदत उभी करायला अमेरिकेला परत गेले. अॅनला सगळ्यांत जड गेला तो मैत्रिणीचा वियोग.

न्यूएल दांपत्य आधीच मॉरिशसकडे निघालं होतं. जडसनही मिळालं त्या जहाजानं तिकडे गेले. जानेवारी १८१३ मध्ये ते पोचले तेव्हा हॅरिएट या जगात नव्हती. जहाजावर जन्मलेलं तिचं बाळ गेलं होतं आणि त्यामागोमाग तीही. वय अवघं एकोणीस.

आता जायचं कुठे? जडसननी विद्यार्थी असताना ब्रह्मदेशाविषयी, म्हणजे आजच्या म्यानमारविषयी, वाचलं होतं आणि तिथं जायची इच्छाही धरली होती. पण कलकत्त्यात त्या देशाच्या राज्यकारभाराच्या गोष्टी ऐकून मन कच्चं झालं होतं. मग पिनांगला जायचं ठरलं, त्यासाठी ते मद्रासला आले. मद्रास पुन्हा कंपनीच्याच हद्दीत! पकडून इंग्लंडला रवानगी होण्याची भीती डोक्यावर. पिनांगचं जहाज मिळेना. बंदरात वेळेवर सुटणारं एकच जहाज होतं, ‘जॉर्जियाना’, आणि ते रंगूनला चाललं होतं.

याच जागी मी वाचताना थांबले. हे दोघं स्वखुशीनं निघाले होते हे खरं, पण देश त्यांनी निवडलेला नव्हता. एका परक्या देशानं दार लावलं म्हणून ते दुसऱ्या परक्या देशात गेले, आणि तेही ज्याची धास्ती घेतली होती त्याच देशात. जून १८१३ मध्ये ‘जॉर्जियाना’ निघालं. वाटेत अॅनचं पहिलं मूल मृतावस्थेत जन्मलं. १३ जुलैला रंगून आलं तेव्हा तिला चालवत नव्हतं. खुर्चीत बसवून, खांद्यावर उचलून तिला गावात न्यावं लागलं.

मग सुरू झालं भाषा शिकणं. शब्दकोश धड नाही, व्याकरण नाही, आणि शिकवणाऱ्या पंडिताला इंग्रजीचा गंध नाही. वस्तूकडे बोट दाखवायचं आणि नाव ऐकायचं. ताडपत्रावरची ब्रह्मी अक्षरं गोल गोल, दोन शब्दांत जागा न सोडता लिहिलेली. आपल्याकडची जुनी मोडी कागदपत्रं कुणी पाहिली असतील तर शब्द कुठे संपतो ते शोधण्यात काय हाल होतात हे त्यांना सांगायला नको. जडसन दिवसभर पोथ्यांत डोकं घालून बसत. अॅनला घर चालवायचं होतं, नोकरमाणसांशी, बाजारातल्या बायकांशी बोलायचं होतं. त्यामुळे बोलायला तीच आधी शिकली. आपण बेळगावकर घरात मराठी, बाजारात कन्नड आणि वर्गात इंग्रजी बोलतो. भाजी घेता घेता भाषा कशी अंगात मुरते, हे आपल्याला अनुभवानं माहीत आहे.

१८१५ मध्ये झालेला मुलगा रॉजर आठ महिन्यांचा होऊन गेला. काम चालूच राहिलं. रस्त्याच्या कडेला तिकडच्या धर्मशाळेसारखा ‘झयात’ बांधून जडसन तिथं येणाऱ्याजाणाऱ्यांशी बोलत, आणि अॅन बायकांना जमवून शिकवी. पहिला ब्रह्मी माणूस, मौंग नाउ, बाप्तिस्म्याला आला तो २७ जून १८१९ रोजी. रंगूनला उतरून तेव्हा जवळजवळ सहा वर्षं झाली होती! दरम्यान अॅननं रंगूनमधल्या सयामी लोकांकडून त्यांची भाषा शिकून मत्तयकृत शुभवर्तमानाचं सयामी भाषांतर केलं. दानीएल आणि योना ही पुस्तकं तिनं ब्रह्मी भाषेत उतरवली. ही कामं तिची स्वतःची आहेत, हे मुद्दाम सांगते.

१८२१ मध्ये यकृताच्या दुखण्यानं ती इतकी खंगली की तिला एकटीला कलकत्ता आणि इंग्लंडमार्गे अमेरिकेला जावं लागलं. तिकडे तिनं ब्रह्मदेशातल्या कामाची हकीकत लिहिली, ती १८२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तब्येत पुरती सुधारली नव्हती. आणखी काही दिवस थांब, असं लोक सांगत होते. आता तिला हवा माहीत होती, राजाचा लहरीपणा माहीत होता, एका मुलाचं थडगं तिथं होतं. तरी ती परत निघाली आणि डिसेंबर १८२३ मध्ये रंगूनला पोचली. पहिल्या वेळी देश जहाजानं ठरवला होता. या वेळी तो तिनं ठरवला.

दोघं राजधानी आवा इथं राहायला गेले, आणि १८२४ मध्ये इंग्रज-ब्रह्मी युद्ध पेटलं. गोऱ्या कातडीचा प्रत्येक माणूस हेर ठरला. ८ जूनला जडसनना दोरांनी करकचून बांधून नेलं आणि बेड्या घालून मृत्युदंडाच्या कैद्यांच्या तुरुंगात टाकलं. रात्री कैद्यांचे पाय बांबूला अडकवून वर ओढत. सुरुवातीला अॅनवर घरातच पहारा होता. सुटका होताच ती रोज अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवू लागली. नजराणे दिले, विनवण्या केल्या, अपमान गिळले. तिथल्या बायकांसारखा पोशाख करून ती तुरुंगाच्या दारी जेवण घेऊन जाई. नव्या कराराच्या भाषांतराचं हस्तलिखित तिनं एका उशीत शिवलं. उशी इतकी टणक केली की चोरालाही हवीशी वाटू नये. जडसन तीच डोक्याखाली घेऊन झोपत. पुढे कैद्यांना हलवताना ती फेकून दिली गेली. मौंग इंग या विश्वासूनं आठवण म्हणून ती घरी नेली, आणि कित्येक महिन्यांनी आतले कागद शाबूत सापडले.

जानेवारी १८२५ मध्ये मुलगी मारिया जन्मली. मे महिन्यात कैद्यांना तापल्या वाळूतून अनवाणी चालवत आँगबिन्ले गावी नेलं. तान्ही मारिया आणि सांभाळायला घेतलेल्या दोन ब्रह्मी मुलींना घेऊन अॅन मागोमाग गेली. तिथं देवीची साथ आली, मग अॅन स्वतः अंथरुणाला खिळली आणि तिचं दूध आटलं. पहारेकऱ्यांना पैसे चारून जडसन बेड्यांसह बाहेर येत आणि बाळाला घेऊन गावातल्या लेकुरवाळ्या बायकांकडे दूध मागत फिरत. त्या बायकांनी दिलं. आणखी एक माणूस विसरू नये: त्यांचा बंगाली स्वयंपाकी. जातीपातीचा विचार बाजूला ठेवून तो पडेल ते काम करत राहिला. अॅनच्या धैर्याचं आपण कौतुक करतो ते योग्यच आहे. पण ती जगली ती परक्या देशातल्या अशा माणसांच्या आधारानं.

युद्ध हरत आलं तेव्हा दुभाषा हवा म्हणून जडसनना बाहेर काढलं गेलं. फेब्रुवारी १८२६ मध्ये यांदाबोचा तह झाला. अॅन फार दिवस राहिली नाही. जडसन वाटाघाटींसाठी आवाला गेलेले असताना २४ ऑक्टोबर १८२६ ला अॅम्हर्स्ट गावी तापानं तिचा अंत झाला. वय ३६. सहा महिन्यांनी मारियाही गेली. उशीतून वाचलेल्या त्या कामाच्या पायावर जडसननी संपूर्ण ब्रह्मी बायबल १८३४ मध्ये पुरं केलं.

आता गॉर्डन हॉल. त्यांनाही कलकत्त्यातून काढलं होतं. ते आणि नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला आले. तिथूनही घालवण्याचा प्रयत्न झाला, पण अखेर राहायची परवानगी मिळाली. त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभं राहिलं. पुढे अहमदनगरच्या शाळा आणि १८४२ साली ‘ज्ञानोदय’ही. हॉल मराठी शिकले, मराठीत लिहू-बोलू लागले आणि मार्च १८२६ मध्ये नाशिकहून परतताना पटकीनं वारले. एकाच तुकडीतली दोन माणसं, एकाच हुकमानं दोन दिशांना फेकली गेलेली, सात महिन्यांच्या अंतरानं दोन देशांच्या मातीत गेली. एकाला मराठी मिळाली, एकीला ब्रह्मी.

आपल्यातले बरेच जण शिक्षणासाठी, नोकरीसाठी बाहेर पडतील. हवं ते गाव, हवा तो देश मिळेलच असं नाही. व्हिसा नाकारला जाईल, बदली भलतीकडेच होईल. अॅनचं आयुष्य वाचून मला एवढंच कळलं, की जाण्याची इच्छा आपली असते, ठिकाण बरेचदा दुसरंच कुणी ठरवतं. आणि ते ठिकाण आपलं होतं ते तिथली भाषा शिकल्यावर आणि तिथल्या माणसांचं ऋण मानल्यावर. तिच्याइतकी किंमत प्रत्येकाला मोजावी लागत नाही. पण नव्या गावी गेल्यावर पहिल्या आठवड्यात बाजारात जाऊन चार शब्द शिकणं, एवढं तर आपल्यापैकी कुणालाही जमेल.